पिवळी पिन हिरव्यात

प्रिय बुद्धरत्न,

जय भीम, आणि आईचे खूप खूप आशीर्वाद.

कुरिअरवाला दारात उभा राहिला म्हणून छातीत धस्स करून घेऊ नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबा जेवतात, भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करतात, सकाळी काठी घेऊन विहारापर्यंत चालून येतात. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटणारच. पण आपलं घर तुला माहीत आहे. एक खोली, खोलीत पलंग आणि पलंगावर तुझे बाबा. तुझा फोन आला की ते तो स्पीकरवर टाकून उशीवर ठेवतात आणि मी बोलते त्यातला शब्द न शब्द ऐकतात. गॅलरीत जाऊन बोलावं तर तिथे घरमालकीण तानुबाई पापड राखत बसलेल्या, म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून आज माझ्या अंगणवाडीतली मुलं घरी गेल्यावर तिथल्याच एका बुटक्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. गुडघे हनुवटीला लागतायत. अक्षर वाकडं आलं तर खुर्चीला बोल लाव, आईला नको.

विषय टीव्हीच्या वायरचा आहे. हसू नकोस, आधी पुरतं वाच.

पावसाळ्यात बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तू होसूरहून धावत आलास आणि रजा संपली म्हणून परत गेलास. त्यानंतरचं सगळं मी तुला फोनवर सांगतच होते. पाय लवकर वळणावर आला, जीभही बरीच सुटली, हात मात्र मागे राहिला. फिजिओथेरपीच्या अंजली मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सुरुवातीचे महिने सोन्यासारखे असतात. आता बोटं जेवढी कामाला लावाल तेवढी पुढे साथ देतील, आत्ता आळस केला तर नंतर डोकं आपटून उपयोग नाही. त्यांनी मळायला चिकणमाती दिली, उघडझाप करायला कपड्यांचे चिमटे दिले. बाबांनी ते असे बघितले की जणू कुणी त्यांच्या हातात खुळखुळा दिलाय. मी काय तुझ्या अंगणवाडीत नाव घातलंय का, असं मला विचारलं. तीस वर्षं भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलेला माणूस, केसाएवढ्या तारा सरळ रेषेत बसवणारा, तो चिमटे काय दाबणार.

मग ऑक्टोबरात तू आलास आणि माळ्यावरून तुझी ती गेमची जुनी काळी पेटी खाली काढलीस, तेव्हा मला वाटलं, पोरगं हुशार निघालं. दहावीला असताना बाबांनीच ती तुला पिंपरीहून सेकंडहँड आणून दिली होती. गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी, त्यामुळे गुरुवारी शाळा सुटली की तू रस्त्यात कुणाशी बोलतही नव्हतास. दप्तर टाकायचं आणि बापलेकांनी क्रिकेट लावायचं. बाबा कायम आधी बॅटिंग घ्यायचे आणि आऊट झाले की म्हणायचे, हे मशीन तुझ्याकडून आहे. शेजारच्या खोल्यांतून लोक विचारायचे, भांडण चाललंय का. तेच बटण आता बोटांच्या व्यायामाला लागेल, ही तुझी कल्पना अंजली मॅडमनाही आवडली.

जुना डबा टीव्ही केव्हाच गेला होता, म्हणून तू नवा आणलास. आणि तिथे गाडी अडली. पेटीची वायर पिवळी, लाल, पांढरी, आणि टीव्हीच्या मागे पिवळं भोकच नाही. हिरवं, निळं, लाल, परत एक लाल आणि पांढरं. तू पिवळी पिन हिरव्यात घालून बघायला निघालास आणि पलंगावरून बाबा ओरडले. जीभ जड होती तरी शब्द स्पष्ट होते, आठवतंय ना? “हिरवा म्हणजे अर्थ. फेज अर्थात घालतोस?”

त्यावर घरात कुणाची काय बिशाद होती बोलायची. लाल, पिवळा, निळा म्हणजे फेज, म्हणजे करंट, काळा म्हणजे परतीचा आणि हिरवा म्हणजे अर्थिंग, दुसरं काही नाही, हे तू बाराखडीच्या आधी शिकलास. त्यांच्या वर्कशॉपमध्ये हिरवी तार कुणी गठ्ठा बांधायलाही वापरली तर ते दिवसभर त्या माणसाशी बोलायचे नाहीत. आपल्या घरात कपडे वाळत घालायला कधी हिरव्या वायरची दोरी लागली नाही. तेव्हा पिवळं हिरव्यात घालायचं म्हणजे त्यांच्या लेखी घर पेटवायचं. तूही वाद घातला नाहीस. फोनवर शोधून ती कन्व्हर्टरची डबी मागवलीस, एका अंगाला तीन पिना आणि दुसऱ्या अंगाला एचडीएमआय. दुसऱ्या दिवशी डबी आली, चित्र आलं, बाबांचा नियमही राहिला. सगळे खूश झालो. तू संध्याकाळभर त्यांच्याशी खेळलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलास.

तू गेल्यावर बाबा मशीनशी एकटेच खेळायला बसले. बॉल यायचा, ते बटण दाबायचे, दांडी उडायची. परत बॉल, परत दांडी. मी भाकरी थापता थापता बघायचे. एकेकदा बॉल यष्टिरक्षकाच्या हातात पोचल्यावर यांची बॅट फिरायची. मी म्हणायचे, होईल हळूहळू. ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसायचे. एका दुपारी त्यांनी पेटीच्या रिमोटची वायर नीट गुंडाळली, तो टीव्हीच्या मागे ठेवला आणि त्याला परत हात लावला नाही. त्याबरोबर माती गेली, चिमटे गेले. अंजली मॅडमकडे जायचं म्हटलं की त्यांचा पाय दुखायला लागायचा. वर्कशॉपचे यशवंतराव भेटायला आले, म्हणाले की जयसिंग, घाई नाही, हात सुधारला की हलकं काम देतो. त्यावर बाबा त्यांना म्हणाले, माझं टेबल दुसऱ्या कुणाला देऊन टाका, माझा हात गेला. यशवंतरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते उठले.

हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. सांगणार कशी, उशीवर ऐकणारे बसलेले. पण बाळा, मला तेव्हा खरंच भीती वाटली. दवाखान्यात असतानाही वाटली नव्हती इतकी. तिथे निदान डॉक्टर लढत होते. इथे मॅडम फोन करकरून सांगत होत्या की वेळ निघून चाललीय, आणि ज्याचा हात आहे तोच हात झटकून बसला होता.

कोडं सोडवलं ते तानुबाईंनी, आणि तेही शिव्या देत. त्यांची मालिका बघायला त्या आपल्याकडे येतात हे तुला माहीत आहे. त्या दिवशी बाबा विहारात गेले होते आणि तानुबाईंना लहर आली. म्हणाल्या, तुझा मालक दिसभर काय खेळत व्हता ते मला लाव. मी लावून दिलं, कोणतं बटण ते दाखवलं. पहिल्याच बॉलला त्रिफळा. दुसऱ्याला तेच. तिसऱ्या बॉलला तर त्यांनी रिमोट मांडीवर आपटला. “म्या तर कवाच दाबलं की. ह्योच झोपलाय मेला.”

मी हसले खरी, पण मग माझ्या डोक्यात ते वाक्य घुमायला लागलं. सत्तरीतही तानुबाई म्हशीची धार स्वतः काढतात. त्यांच्या बोटांत काही खोट नाही. मग त्यांची बॅट उशिरा का फिरावी? मी रिमोट घेतला, बॉलकडे न बघता नुसतं बटण दाबलं आणि पडद्यावरच्या बॅटकडे डोळे लावले. मी दाबलं, मध्ये पापणी लवेल एवढा वेळ गेला, आणि मग बॅट हलली. परत दाबलं, परत तसंच. तुझ्या तरण्या हाताने एकदोन बॉलांत ते सांभाळून घेतलं असणार, तुला कळलंही नसेल. पण ज्याला आपल्या हाताबद्दल आधीच शंका आहे, तो मधल्या त्या डबीला कशाला दोष देईल? तो स्वतःलाच देणार. तानुबाईंना मी चहात आलं घालून दिलं, त्यांना का ते कळलं नाही.

बाबांना लगेच सांगितलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं, बायको समजूत काढतेय म्हणून. म्हणून टीव्हीच्या पाठीचा फोटो काढला, पेटीची वायर पिशवीत टाकली आणि पिंपरी कॅम्पात गेले. तिथे मोनिका नावाच्या मुलीचं दुकान आहे, वडिलांच्या मागे एकटी चालवते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काकू, डबी आधी चित्र आपल्यात बदलून घेते, मग टीव्ही ते अजून सजवतो, तोवर बॉल निघून जातो. मग तिने माझ्यासमोर पर्याय मांडले. भारीतली डबी घ्या, उशीर कमी होईल, पण जाणार नाही. नाहीतर पाच पिनांची वायर असते, हिरवी, निळी, लाल आणि आवाजाच्या दोन. अगदी रंगाला रंग. माझा जीवच हरखला, म्हटलं हीच दे, आमच्या घरात भांडण नको. तर म्हणे एवढ्या जुन्या पेटीची आता कुणी ठेवत नाही, मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. आणि मग तिने फोनवरचा फोटो मोठा करून दाखवला. हिरव्या भोकाच्या खाली बारीक अक्षरात व्हिडिओ लिहिलेलं, शेजारी पिवळा ठिपका. म्हणाली, काकू, काहीच विकत घेऊ नका, तुमची पिवळी पिन इथेच जाते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, मग टीव्ही चित्र सजवत बसत नाही. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारी दुकानदारीण मी पहिल्यांदा बघितली.

बसमध्ये मी विचार करत आले. रंगाला रंग वायर मागवली तर बाबा एका शब्दाने अडवणार नाहीत, पण ती येईस्तोवर मॅडमनी सांगितलेले दिवस चालले. दुसरा मार्ग म्हणजे ते विहारात गेले की गुपचूप पिन बदलायची. ते काही टीव्ही फिरवून बघणार नव्हते. पण वायरच्या बाबतीत त्या माणसाला फसवायचं, हे मला जमेना. साऱ्या जन्मात त्यांनी जी एक गोष्ट चोख केली तीच त्यांच्या पाठीमागे करायची? मी घरी आले, वायर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मोनिकाने सांगितलं ते सगळं सांगितलं.

ते नाही म्हणाले. दुकानातल्या पोरीला काय कळतंय म्हणाले. मग मी पलंगाखालून त्यांची हत्यारांची पिशवी ओढली. आजारपणानंतर ती कुणी उघडली नव्हती. त्यातला मीटर काढला आणि म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा, मी तपासते. आता मला मीटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी दोन्ही टोकं एकाच पिनेला लावली. मुद्दाम नव्हे हं, मला खरंच येत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझ्या हातातून मीटर घेतला.

डाव्या हाताने पिन धरली आणि उजव्या हातात मीटरचं टोक. ते टोक दोनदा निसटलं, एकदा चादरीत अडकलं. मी पुढे झाले तर त्यांनी असं बघितलं की मी परत मागे सरकले. पिवळ्या पिनेची बाहेरची कडी आणि पांढरीची बाहेरची कडी. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही आतून जोडलेल्या. पिवळीची आणि लालची. वाजला. मला टीव्ही फिरवायला लावला आणि मागच्या भोकांच्या कड्यांना टोकं लावून बघितली. हिरवं, निळं, लाल, सगळं वाजलं. पिनेच्या आतल्या सुईला लावलं तेव्हा गप्प. कपाळावर घाम आला होता, पण ते पहिल्यापासून परत एकदा सगळं तपासत गेले, साहेब पॅनेल बघायला येणार असल्यासारखे. मग मीटर बंद केला. “अर्थ बाहेरच्या कडीला आहे, सगळ्यांच्याच. इथं हिरवा नुसता रंग दिलाय. घाल.”

मी पिन घातली. चित्र आलं ते काळंपांढरं. बाबांच्या भुवया वर गेल्या. मग टीव्हीच्या रिमोटवर शोधत शोधत एव्ही लावलं, आणि मैदान हिरवंगार झालं. गेम मोड सापडायला अजून थोडी झटापट करावी लागली.

पहिल्या बॉलला ते बोल्ड झाले. खोटं कशाला सांगू. दुसऱ्यालाही झाले. मग एक बॉल बॅटची कड घेऊन गेला, आणि त्यानंतरचा एक मधोमध लागला. ते मला म्हणाले, खुर्ची जरा पुढे सरकव. तेव्हापासून रोज बसतात. चेंडू वेगाचा असला की अजूनही चुकतो, कारण हातही थोडा उशिरा आहेच, सगळंच काही डबीचं पाप नव्हतं. पण उशीर आहे आणि गेला आहे, यात फरक आहे ना रे. माती परत बाहेर निघाली. अंजली मॅडम म्हणतात अंगठा आणि पहिलं बोट चांगलं चाललंय, बाकीच्यांचं आत्ता सांगता येत नाही. परवा बाबांनी यशवंतरावांना फोन लावून नुसतं विचारलं, टेबल कुणाला दिलं का. दिलेलं नाही. येतो असं मात्र म्हणाले नाहीत.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. हे सगळं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, चला, बुद्धरत्नला फोन लावू, त्याला आनंद होईल, नाताळच्या सुट्टीत येतोच आहे, मग खेळा दोघं. ते म्हणाले, “नको सांगूस. तो परत हळू बॉल टाकेल.” मला आधी कळलंच नाही. मग थांबत थांबत सगळं सांगितलं त्यांनी. त्या संध्याकाळी ते पाठोपाठ आऊट झाले आणि मग तू ढिले फुलटॉस टाकायला लागलास. चौकार गेला की टाळ्या वाजवत होतास, बाबा सेंच्युरी मारणार म्हणत होतास, आणि ते तुझ्या अंगठ्याकडे बघत होते. “मशीननं आऊट केलं त्याचं काही नाही. पोरानं सोडून दिलं तेव्हा कळलं, आपलं संपलं.” रिमोट त्यांनी ठेवला तो त्यामुळे, बाळा, डबीचा दोष नंतरचा. हे ते तुला जन्मात सांगणार नाहीत. मी तुला दोष देत नाही, मी असते तरी तेच केलं असतं, इथे अंगणवाडीत रोज पोरांकडून हरणं हेच माझं काम आहे. पण तुझे बाबा इथल्या खुर्चीत बसणारे नाहीत. म्हणून नाताळात आलास की हे पत्र पोचलं असं दाखवू नकोस. त्यांच्या शेजारी बस, त्यांना आधी बॅटिंग दे आणि तुझा तो बुंध्यात घुसणारा यॉर्कर पूर्ण जोराने टाक. त्यांची दांडी उडेल. चिडतील, मशीन तुझ्याकडून आहे म्हणतील, जेवताना माझ्या भाजीवर राग काढतील. काढू देत, मी बघून घेईन. तू मात्र त्यांना आऊट कर.

तुझीच,
आई